डोंगर विसरलेले सूत्र

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावाला खेटून वारूळवाडी आहे. मीना नदीचे खोरे, त्यात ऊस, द्राक्षे, टोमॅटो. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आणि तिच्यातून फुटून पूर्वेकडे उतरत गेलेल्या रांगा. इथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 खोडदच्या आसपास एका चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी दुर्बिणीसाठी जागा शोधत होते, तेव्हा या भागाच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट म्हणजे भोवतालचे डोंगर. शहरांतला रेडिओ गोंगाट ते अडवतात.

हेच डोंगर धूरही अडवतात. ऊस तुटून गेलेल्या रानात थंडीच्या दिवसांत पहाटे कुणी पाचट पेटवले, तर धूर आधी सरळ वर चढतो, एका उंचीवर थबकतो आणि आडवा होऊन खोऱ्यावर पट्टा धरून राहतो. ऊन तापेपर्यंत तो हलत नाही. वीटभट्टीचा धूर, खडी क्रशरची धूळ, महामार्गावरच्या ट्रकांचा धूर, सगळे त्याच पट्ट्यात. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने हे पाहिलेले आहे आणि उन्हे वर आली की धूर ‘बसतो’ हेही त्याला ठाऊक आहे. पण तो किती उंचीवर थांबेल, कोणत्या वाडीवर उतरेल आणि तिथल्या माणसाच्या छातीत किती जाईल, हे आधीच आकड्यांत सांगायचे तर? या प्रश्नाने शास्त्रज्ञांची पाऊणशे वर्षे घेतली. त्यातली बरीचशी वर्षे डोंगर नाहीच असे धरून चालण्यात गेली, हे या इतिहासातले खरे आश्चर्य.

सुरुवात एका कोर्टकज्जातून झाली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोलंबिया नदीच्या अरुंद खोऱ्यात ट्रेल नावाचे गाव आहे. तिथे शिसे आणि जस्त वितळवण्याचा प्रचंड कारखाना होता. 1925 आणि 1927 साली त्याने 409 फूट उंचीच्या दोन चिमण्या बांधल्या. चिमणी जितकी उंच तितका धूर विरळ, हा तेव्हाचा सरळ हिशेब. खोऱ्यात तो उलटला. धूर नदीच्या पात्राबरोबर खाली सरकत अमेरिकेच्या हद्दीत, वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर जाऊ लागला. 1930 च्या सुमारास दिवसाला 300 ते 350 टन गंधक हवेत जात होते. पिके जळली, जंगल वाळले. शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे दोन देशांच्या सरकारांपर्यंत पोचले आणि 1935 च्या करारानुसार लवाद नेमला गेला. त्याचे निकाल 1938 आणि 1941 साली लागले. आपल्या हद्दीतल्या धुराने शेजारी देशाचे नुकसान करण्याचा अधिकार कोणत्याही देशाला नाही, हे तत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यातूनच माहीत असते.

माझ्या मते त्या खटल्यातला जास्त मोलाचा भाग कायद्याच्या पुस्तकांत येत नाही. लवादाने हवामानशास्त्रज्ञांना कामाला लावले. खोऱ्यात ठिकठिकाणी गंधकाचा वायू मोजणारी यंत्रे बसली आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. वायू चिमणीजवळ आधी आणि लांब नंतर, असा पोचत नव्हता. सकाळी ठरावीक वेळी खोऱ्यातल्या लांबलांबच्या ठिकाणी तो जवळजवळ एकदमच वाढत होता. ई. वेंडेल ह्यूसन या हवामानशास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. रात्री जमीन थंड होते, तिला टेकलेली हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवा राहते. आपल्या शाळेच्या भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड, ती वर उठत नाही. वरची उबदार हवा भांड्यावरच्या झाकणासारखी बसते. धूर रात्रभर त्या थरात अलगद लांबत जातो, खोऱ्याच्या वळणांनी वळतो, पण खाली येत नाही. सकाळी ऊन तळाला लागले की तिथली हवा घुसळू लागते. घुसळण वर चढत धुराच्या थराला भिडते आणि रात्रभराचा साठा मैलोन्‌मैल एकाच वेळी जमिनीवर आदळतो. वारूळवाडीच्या शेतकऱ्याने ‘धूर बसला’ म्हणावे ती घडी हीच.

लवादाने त्यावर उपायही हवामानाचाच सांगितला. वाऱ्याची दिशा, वेग आणि हवेतली खळबळ पाहून कारखान्याने गंधक किती सोडायचे ते ठरवायचे. धुराच्या गणितावर कारखाना चालवायचा, असा तो न्यायनिवाडा होता.

त्याच काळात दोन खोऱ्यांनी माणसे मारली. डिसेंबर 1930 मध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचा धूर धुक्याखाली पाच दिवस कोंडून राहिला आणि साठाहून अधिक लोक गेले. ऑक्टोबर 1948 च्या अखेरीस अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या नदीकाठच्या गावात 20 जण दगावले आणि हजारो आजारी पडले. दोन्हीकडे कारखाने रोजचेच होते, धूर रोजचाच होता. फरक एवढाच की हवेवरचे झाकण उघडले नाही.

एवढे धडे खोऱ्यांनी दिल्यावर गणित तरी खोऱ्यासाठी तयार व्हावे. झाले उलटेच. धुराच्या पसरण्याचे सूत्र युद्धाच्या गरजेतून, सपाट कुरणांवर जन्मले. पहिल्या महायुद्धात विषारी वायू वापरला गेला आणि त्यानंतर इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन या लष्करी केंद्रात वायू वाऱ्यावर किती पसरतो याचा अभ्यास सुरू झाला. तिथे काम केलेल्या फ्रँक पास्क्विल यांनी 1961 साली एक पद्धत प्रसिद्ध केली. जमिनीपासून 10 मीटरवरचा वारा, उन्हाची प्रखरता आणि रात्रीचे ढग एवढे तीनच आकडे घ्यायचे आणि हवेला ए ते एफ या सहांपैकी एका वर्गात बसवायचे. ए म्हणजे भर दुपारची खवळलेली हवा, एफ म्हणजे निरभ्र रात्रीची निपचित हवा. वर्ग ठरला की धुराचा लोट आडवा किती आणि उभा किती फुगेल हे आलेखावरून वाचायचे. लोटाच्या मध्यावर धूर सर्वांत दाट आणि कडेला घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेने विरळ होत जाणारा, असे धरायचे. पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेला अभियंताही हे गणित तासाभरात सोडवू शकत होता. ते जगभर गेले ते या सोपेपणामुळे.

त्यामागचे प्रयोगही सपाटीवरचे. सर्वांत नावाजलेला प्रयोग 1956 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओनील गावाजवळच्या गवताळ माळावर झाला. त्याचे नावच ‘प्रेअरी ग्रास’. जमिनीपासून हातभर उंचीवरून दहा-दहा मिनिटे सल्फर डायऑक्साइड सोडायचा आणि 50 मीटरपासून 800 मीटरपर्यंतच्या पाच कमानींवर तो मोजायचा, असे सुमारे सत्तर वेळा केले गेले. सपाट माळावरच्या 800 मीटरांच्या मोजमापावरून बेतलेल्या रेषा पुढे दहा-वीस किलोमीटरपर्यंत लांबवल्या गेल्या आणि त्या रेषांनी डोंगराळ मुलखातल्या कारखान्यांचेही भवितव्य ठरू लागले.

हे सूत्र महाराष्ट्रात आले ते ट्रॉम्बेच्या दाराने. तिथे तर गाठ थेट डोंगराशी होती. ट्रॉम्बेची टेकडी सुमारे 300 मीटर उंच. तिच्या एका अंगाला खाडीकाठी अणुशक्ती केंद्र, दुसऱ्या अंगाला चेंबूर आणि माहूल. 1954–55 मध्ये तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले, 1956 मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, 1965 मध्ये खताचा कारखाना. मुंबईकर चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. 1970 च्या दशकात केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांच्या छाती तपासून प्रदूषण आणि श्वसनविकार यांचा संबंध दाखवला. तो अभ्यास रोगाचा होता. चेंबूरच्या एखाद्या घरात आलेला वायू नेमका कोणत्या चिमणीचा, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. त्याला वाऱ्याचे गणित लागते.

ते गणित टेकडीच्या पलीकडे चालले होते. सायरस ही अणुभट्टी 10 जुलै 1960 रोजी कार्यान्वित झाली. तिच्या काही भागांना थंड ठेवणाऱ्या हवेतला आर्गॉन किरणोत्सारी होऊन चिमणीवाटे बाहेर पडत असे. आर्गॉन-41 चे अर्धे आयुष्य दोन तासांहूनही कमी, म्हणजे तो फार लांब टिकत नाही. पण आसपासच्या माणसाला त्याचा किती मारा बसतो ते मोजणे भागच होते. अणुशक्ती केंद्राच्या आरोग्य-भौतिकी विभागात यातूनच वाऱ्याच्या अभ्यासाची परंपरा उभी राहिली. व्ही. व्ही. शिरवईकर हे तिच्यातले ठळक नाव. त्यांचा 1972 चा एक शोधनिबंध वारा एकाच दिशेने किती वेळ टिकून राहतो या प्रश्नावर आहे. वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न अपघाताच्या वेळी जीवनमरणाचा ठरतो. वर्षभराच्या सरासरीत वारा सोळा दिशांना वाटला जातो आणि प्रत्येक वाडीच्या वाट्याला थोडेथोडे येते. अपघाताच्या रात्री मात्र तो सलग सहा तास एकाच वाडीकडे वाहिला, तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

पुढे 1988 साली आर. के. हुक्कू, व्ही. एन. बापट आणि शिरवईकर यांनी वातावरणात सुटणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांपासून होणारा मारा काढण्याची एक मार्गदर्शिका तयार केली. ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्राचे नाव तोवर भाभा अणुसंशोधन केंद्र झाले होते; त्याचा हा अहवाल क्रमांक 1412. या विषयातले लोक आजही तिला नुसत्या आकड्यानेच ओळखतात.

या परंपरेच्या सुरुवातीला संगणक दुर्मीळच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हे यंत्र आले ते देशातले मोठे कौतुक होते. असे यंत्र हाताशी असले की एका तासाचे गणित वर्षाच्या 8,760 तासांसाठी करता येते. पण सूत्र तेच, सपाट माळाचे. यंत्राने काम झपाट्याने केले, टेकडी पाहिली नाही.

टेकडी गणितात शिरली ती अमेरिकेत. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत वीजकेंद्रांच्या परवान्यांवर तंटे सुरू झाले. धूर डोंगरावर आपटतो असे धरले तर आकडा भयंकर येई, वरून निघून जातो असे धरले तर काहीच नाही. कारखानदार दुसरे धरत, विरोधक पहिले. मग अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने एक साधी पण खर्चिक गोष्ट केली. आयडाहोत स्नेक नदीच्या सपाटीवर सिंडर कोन ब्यूट नावाची सुमारे 100 मीटर उंचीची एकटी, गोलसर टेकडी आहे. 1980 च्या शरद ऋतूत तिच्यावर सगळीकडे हवेचे नमुने घेणारी यंत्रे मांडली. वाऱ्याच्या वरच्या अंगाला क्रेन उभी केली, म्हणजे वायू हव्या त्या उंचीवरून सोडता येईल. मागोव्यासाठी सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू आणि डोळ्यांना दिसावे म्हणून तेलाचा पांढरा धूर.

प्रयोग रात्री आणि पहाटे, हवा निपचित असताना. धुराची पट्टी सरळ टेकडीकडे जाई आणि तिथे दोनांपैकी एक गोष्ट होई. कमी उंचीवरून सोडलेला धूर टेकडीच्या अंगावर जाऊन थडकत असे, तिथे दुभंगून दोन्ही कुशींनी वळसा घालत असे. थोड्या जास्त उंचीवरून सोडलेला धूर माथ्यावरून पार होत असे. मध्ये एक उंची अशी की तिच्या खालचा वारा वळसा घेतो आणि वरचा ओलांडून जातो. ब्रिटिश गणिती ज्युलियन हंट आणि अमेरिकेचे विल्यम स्नायडर यांनी हीच गोष्ट हौदात करून पाहिली होती. मिठाच्या पाण्याचे कमीजास्त दाट थर दिलेला लांब हौद, त्यातून टेकडीची प्रतिकृती ओढायची आणि रंगाच्या रेषा कुठून जातात ते पाहायचे.

त्यामागचा विचार अगदी देशी आहे. चढ चढायला जोर लागतो. वाऱ्याच्या वेगात जेवढा जोर आहे तेवढ्यात तो जड हवा घेऊन जितका चढेल तितका चढेल, नाही जमले तर बाजूने जाईल. शिवनेरीचे उदाहरण घेऊ. किल्ला पायथ्यापासून सुमारे 300 मीटर उंच आहे. थंडीची पहाट, वारा सेकंदाला 2 मीटर, उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी किंचित वाढते आहे. या विचारातून आलेल्या सूत्रात हे घातले की ती मधली उंची येते सुमारे 200 मीटर. म्हणजे जुन्नर गावातला धूर त्या पहाटे शिवनेरी ओलांडून जाण्याचा प्रश्नच नाही. तो कड्याला थडकेल किंवा कड्याकडेने सरकेल आणि फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्याची हवा माथ्यावरून जाईल. हवेचे थर तसेच राहून वारा तिप्पट झाला, तर सगळीच हवा माथा ओलांडते. जुन्या सूत्रात यातले काहीही नव्हते.

या प्रयोगांतून निघालेले ज्ञान एअरमॉड या मॉडेलमध्ये आले. त्याची समिती 1991 मध्ये बसली आणि अमेरिकेने ते अधिकृत केले नोव्हेंबर 2005 मध्ये. त्यात भूप्रदेशाचा उंचसखलपणा नकाशाच्या फाइलमधून भरतात. मॉडेल प्रत्येक ठिकाणासाठी दोन उत्तरे काढते, धूर डोंगराला थडकल्याचे आणि डोंगरावरून गेल्याचे, आणि हवेच्या स्थितीप्रमाणे त्यांना वजन देऊन एक आकडा देते.

आपल्याकडे मधल्या काळात भोपाळ घडले होते. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथल्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हिवाळ्याची रात्र, वारा अगदी मंद, वायू हवेपेक्षा जड. तो जमिनीला धरून जुन्या वस्तीवर सरकला. दिल्लीच्या आयआयटीतले एम. पी. सिंग आणि एस. घोष यांनी त्या रात्रीच्या पसरणीचे मॉडेल 1987 साली प्रसिद्ध केले. वायू कुठे, किती वेळात आणि किती दाट गेला याचा हिशेब मांडता येतो हे त्यातून दिसले; पण मांडला गेला तो माणसे मेल्यावर. कारखान्याचे ठिकाण ठरताना कुणी तो मागितला नव्हता.

भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1994 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची अधिसूचना निघाली, 2006 मध्ये ती नव्याने आली. मोठ्या प्रकल्पाने हवेचे मॉडेल करून दाखवायचे, हा नियम झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी मार्गदर्शिकाही काढली. याच्याच बरोबरीने चिमणीच्या उंचीचे एक सूत्र आपल्या नियमांत ठाण मांडून आहे: गंधकाचा वायू ताशी किती किलो निघतो तो आकडा घ्या, त्याचा 0.3 वा घात काढा, 14 ने गुणा. येतील तितके मीटर. ताशी 100 किलो असेल तर सुमारे 56 मीटर. विदर्भातल्या सपाटीवर 56 आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या खोऱ्यातही 56. कोलंबिया नदीच्या काठी 409 फुटी चिमण्यांचे जे झाले ते पाहिल्यावर या सूत्रात डोंगराला जागा असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

एअरमॉडही सर्वज्ञ नाही आणि त्याची अडचण आपल्या खोऱ्यांत नेमकी जाणवते. एका तासात सगळ्या परिसरावर वारा एकाच दिशेने वाहतो, असे ते धरते. मीना किंवा कुकडीच्या खोऱ्यात तसे होत नाही. दिवसा उतार तापतात आणि वारा खोऱ्यातून वर, घाटमाथ्याकडे ओढला जातो. रात्री गार हवा उतारांवरून ओघळत खोऱ्याच्या तळाशी जमते आणि नदीबरोबर पूर्वेला सरकते. संध्याकाळी धूर एका वाडीवर, पहाटे दुसऱ्या. पुढची अडचण याहून मोठी आहे. जुन्या सूत्रात वाऱ्याचा वेग छेदात असतो. वारा शून्यावर आला की उत्तर अनंत येते, म्हणून शांत हवेचे तास हिशेबातून गाळण्याचा प्रघात पडला. ज्या पहाटे वारूळवाडीचा धूर हलत नाही, ती पहाट गणितात नसतेच.

यावर उतारा म्हणजे आधी वाऱ्याचेच त्रिमिती मॉडेल करायचे आणि मग त्यात धूर सोडायचा. गोव्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात कारवारजवळ काळी नदीच्या खोऱ्यात कैगा अणुवीजकेंद्र आहे. चहूबाजूंनी सह्याद्रीचे जंगल. तिथे भाभा केंद्राच्या संशोधकांनी डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे मॉडेल लावून त्याचा वारा आणि प्रत्यक्ष मोजलेला वारा यांचा मेळ घालून पाहिला. डोंगरातल्या केंद्राला सपाटीवरचे सूत्र पुरत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

याच जातीच्या मॉडेलवर पुण्यात मोठे काम झाले. पाषाणची भारतीय उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्था 1962 मध्ये सुरू झाली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथल्या गुफरान बेग यांच्या चमूने दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभी केली. 2013 मध्ये ती पुण्यात आली, 2015 मध्ये मुंबईत. कोणत्या चौकात किती वाहने, कोणत्या वस्तीत किती चुली, याची मोजदाद करून शहराच्या नकाशावर चौकटीचौकटीने उत्सर्जन भरायचे, मग हवामानाच्या मॉडेलने ते वाऱ्यावर सोडायचे. संस्थेत 2018 च्या जानेवारीत ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला आणि सप्टेंबर 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’. याच संस्थेची माणसे सिंहगडावर पावसाची आणि हवेतल्या कणांची तपासणी करत आली आहेत आणि महाबळेश्वरला 2012 पासून त्यांची ढगांची प्रयोगशाळा आहे. डोंगरावरची हवा वेगळी वागते हे पुण्यातल्या शास्त्रज्ञांना कुणी शिकवायला नको.

प्रश्न चौकटीच्या आकाराचा आहे. दिल्लीसाठी याच संस्थेचे मॉडेल 400 मीटरच्या चौकटीपर्यंत उतरते. दहा किलोमीटरची चौकट घेतली तर मीनेचे खोरे आणि त्याच्या दोन्ही रांगा एकाच चौकटीत मावतात, त्यांची सरासरी उंची निघते, आणि शिवनेरी सपाट होऊन जातो. इतिहासात ते कुणाला जमले नाही, सरासरीला जमते. ‘सफर’ची पुण्यातली केंद्रे शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव, भोसरी, निगडी, आळंदी अशी, सगळी पुणे-पिंपरीच्या परिघात. 2019 चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही शहरांसाठी आखलेला आहे. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतही मात्र ऊस आहे, साखर कारखाने आहेत, महामार्ग आहे. दुर्बिणीच्या परिसरात रेडिओ गोंगाट वाढवणारा उद्योग आणायचा तर खगोलशास्त्रज्ञांचे मत घ्यावे लागते. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही दुर्बिणीसाठी बदलावा लागला. रेडिओ लहरींच्या बाबतीत इथल्या डोंगरांचा इतका बारीक विचार होतो. तितकाच धुराच्या बाबतीत व्हायला कुणाची हरकत नसावी.

सुरुवात स्वस्तात होऊ शकते. खोऱ्याच्या तळाला एक आणि नारायणगडासारख्या उंचीवर एक, असे दोन तापमापक हिवाळाभर दर तासाला वाचले तरी झाकण किती वाजता बसते आणि किती वाजता उघडते ते कळेल. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्यात विज्ञानाची महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे हे काम आहे. वीटभट्टी कधी पेटवावी, पाचट जाळायचेच झाले तर दुपारी का जाळावे, याचे उत्तर त्या नोंदींतून मिळेल. (पाचट न जाळता कुजवणेच बरे, हे कृषी खाते सांगतेच.)

आणि एखाद्या कारखान्याची किंवा डिस्टिलरीची जनसुनावणी तालुक्यात लागली, तर तिला जा. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. त्यातले हवेचे प्रकरण उघडा. वाऱ्याचे आकडे प्रकल्पाच्या जागेवर मोजलेले आहेत की पुण्याच्या वेधशाळेतून उचललेले, ते विचारा. मोजणी उन्हाळ्यातली असेल तर डिसेंबर-जानेवारीचे काय, ते विचारा. भूप्रदेशाची फाइल मॉडेलमध्ये भरली होती का की जमीन सपाट धरली, आणि शांत हवेचे किती तास गाळले, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे सल्लागार कंपनीच्या संगणकात असतातच. कुणी विचारत नाही म्हणून ती सभागृहात येत नाहीत.